ब्लीचमध्ये धुतलेले दगड

मंगळवारी सकाळी कामावर आले तर स्वयंपाकघराचं दार उघडायच्या आधीच ब्लीचचा वास आला. केर्न्स शहरातल्या कुठल्याही वृद्धाश्रमात हा वास नवा नाही. मी इथं अकरा वर्षं रांधते आहे, माझ्या कपड्यांनाही तो चिकटलेला असतो. पण त्या दिवशी तो बैठकीच्या खोलीतून येत होता. तिथं एलिया मामाची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, आणि तिथून एरवी फक्त समुद्राचा वास येतो. हातातली कंदांची पिशवी मी तिथंच टाकली आणि धावले.

टाकीसमोर आंघोळीचे दोन टॉवेल अंथरले होते आणि त्यांवर मामाचे दगड वाळत घातले होते. पांढरेफटक. कालपर्यंत ते जांभळे होते, शेवाळी होते, त्यांच्या भोकाभोकांतून केसाएवढे किडे डोकं बाहेर काढून बघायचे. आता ती नुसती हाडं होती. शेजारच्या टोपलीत गाळणीतल्या चिनी मातीच्या कड्या, घासून लख्ख केलेल्या, पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशांसारख्या. खालच्या कपाटातली गाळणीची जुनी छोटी टाकी, तिच्यातला स्पंज, लोकर, फेस काढणारा नळा, सगळं गायब. त्या जागी एक काळं बंद पिंप बसवलेलं, त्यावर निळा दिवा. वर काचेत पाणी असं नितळ की मासे हवेत टांगलेत असं वाटावं.

माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिता येणार नाही. मी देवाचं नाव घेणारी बाई आहे, रविवारी गायक मंडळात पहिल्या ओळीत उभी असते. तरी निघालं.

मामा त्या वेळी इस्पितळात होता. एलिया मामा माझ्या आईचा सख्खा भाऊ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. आमच्या बेटावर तो खडकांतले मोठे झिंगे धरायला बुडी मारायचा. त्याच्याएवढा वेळ श्वास धरणारा दुसरा नव्हता. मग मूत्रपिंडं गेली. बेटावर रक्त गाळायचं यंत्र नाही, म्हणून पाच वर्षांपूर्वी त्याला समुद्र ओलांडून केर्न्सला यावं लागलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार यंत्राला जोडून घ्यायचं, पाच पाच तास, मरेपर्यंत. या आश्रमात यायला तो तयारच नव्हता. शेवटी तेव्हाच्या जुन्या व्यवस्थापकांनी विचारलं, तुम्हाला काय दिलं तर राहाल? मामा म्हणाला, थोडा समुद्र द्या. त्यांनी सहाशे लिटरची टाकी दिली, आणि तिची गाळणी कशी असावी हे सर्वस्वी त्याच्यावर सोपवलं.

ती गाळणी त्यानं कशी निवडली ते मी बघितलंय. महिनाभर लागला. दुकानदार येऊन बंद पिंपं दाखवायचे, आवाज नाही, वास नाही, सहा महिने उघडायला नको. मामा म्हणायचा, जी गाळणी डोळ्यांना दिसत नाही ती माणूस विसरतो, आणि आत जे अडकलंय ते तिथंच सडतं. त्याला उघडी हवी होती. आधी लोकर, मोठी घाण धरायला. ती दर तिसऱ्या दिवशी बदलायची. मग तो फेस काढणारा उभा नळा: त्यात हवेचे बारीक बुडबुडे सुटतात, पाण्यातला चिकटा फेसावर चढतो आणि वरच्या वाटीत चहासारखं काळं घाण पाणी जमतं. कोळशाची एक पुरचुंडी, पाणी पिवळं पडू नये म्हणून. आणि सगळ्यांत मोठी जागा दगडांना. समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकावरनं, परवाना असलेल्या पाणबुड्याकडून आणलेले जिवंत दगड, एकेक हातात घेऊन, वजन करून नव्हे, हलका आणि भोकं असलेला बघून. दगड गाळत नाहीत पोरी, मामा मला सांगायचा, दगडात जे राहतात ते गाळतात. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. माशांची घाण म्हणजे विष, ते विष हे खातात. त्यांना घर हवं, म्हणून भोकं हवीत. ते वसायला सहा आठवडे लागले. सहा आठवडे रिकाम्या पाण्याकडे बघत बसला, मासा घातला नाही.

मग आली ती केशरी पट्ट्यांच्या माशांची जोडी आणि त्यांचं समुद्रफूल, त्याच्या पाकळ्यांत ते राहतात. मादी मोठी, तिचं नाव त्यानं आका ठेवलं, म्हणजे आमच्या बोलीत आजी. ती नवऱ्याला दिवसभर हुसकत असते. नवऱ्याला नाव नव्हतं. मामा म्हणायचा, त्याला नावानं हाक मारायला तिनं कधी जागाच ठेवली नाही.

आता हे कुणी धुतलं ते ऐका.

आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी नवी व्यवस्थापक आली, ब्रॉनविन. वाईट बाई आहे असं म्हणवत नाही, म्हातारी आजारी पडली की रात्र रात्र बसते. पण तिचं सगळं कागदावर. त्याच आठवड्यात गुरुवारी सरकारी तपासणी होती. तिच्या आधी तिनं आश्रमभर कापसाच्या काड्या फिरवून नमुने घेतले: नळ, दारांच्या मुठी, संडासाची बटणं. आणि टाकीखालची गाळणीही पुसली. प्रयोगशाळेतून कागद आला. दारांच्या मुठी पास. बटणं पास. टाकीची गाळणी: जिवाणू, मोजता येणार नाहीत इतके.

मी सरळ तिच्या खोलीत गेले. तिनं मला तो कागद दाखवला, त्या ओळीखाली लाल रेघ मारलेली.

"नेटी, इथं ऐंशी अशक्त माणसं राहतात," ती म्हणाली. "हे मी तसंच ठेवू?"

"ब्रॉनविन, ते जिवाणू म्हणजेच गाळणी आहे. तुम्ही गाळणी मारली."

ती हसली. तुच्छतेनं नाही, लहान मुलाला हसतात तसं, आणि तेच मला जास्त झोंबलं. गाळणी मारली नाही, बदलली, असं ती म्हणाली. चौदाशे डॉलरचं यंत्र आहे, आत जंतू मारणारा दिवा आहे, दुकानदारानं हमी दिली आहे. दगड नीट दहा वेळा धुतले आहेत, वाळले की शोभेला परत ठेवू. मी विचारलं, मामाला विचारलंत? तर म्हणे, तो सोमवारी रक्त गाळायला गेला तो दाब उतरला म्हणून रात्री तिथंच राहिला, आणि सफाईवाले सोमवारीच मिळत होते.

म्हाताऱ्याची पाठ वळली आणि यांनी घर साफ केलं.

दुपारी बाराला मामा आला. मी त्याची चाकांची खुर्ची दारातच अडवून सांगायचं ठरवलं होतं, पण त्यानं हातानंच मला बाजूला केलं. टॉवेलांपाशी थांबला. एक दगड उचलला, हुंगला, जिभेला लावला. मग तो परत ठेवला. इतका हळू की आवाज झाला नाही. मी त्याला असा एकदाच पाहिला होता, माझी आई गेली तेव्हा.

ब्रॉनविन लगबगीनं आली. "एलिया डियर, बघ तरी, पाणी कसं काचेसारखं झालंय."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला डियर. आमच्याकडे त्याच्या वयाच्या माणसासमोर पोरं आवाज चढवत नाहीत.

मामानं बाही वर सारली. हातावर नाडीजवळ यंत्राच्या सुया टोचून टोचून दोरखंडासारखी शीर फुगली आहे, ती त्यानं तिच्यापुढं धरली. "बाई, मला दिवसाआड गाळणीला जोडतात. गाळणी बंद पडली की रक्ताचं काय होतं ते मला माहीत आहे. रक्तही दिसायला लालच राहतं."

"मासे तर मजेत आहेत," ती म्हणाली.

"आज आहेत."

मग त्यानं हुकूम सोडले. माशांना खायला काही घालायचं नाही. ते दगड पाण्यात परत घालायचे नाहीत. त्यांच्या पोटात जे मेलंय ते आता कुजेल. काळ्या पिंपात जंतू मारणारा दिवा आहे तो बंद करा. आणि मला म्हणाला, मलकायला फोन कर. मलकाय माझा चुलतभाऊ, त्याची मासेमारीची होडी आहे. खडकापलीकडचं पाणी पिंपं भरून आण आणि परवानेवाल्याकडून नवे जिवंत दगड ओले गुंडाळून आण, असं सांग.

मलकाय म्हणाला, बुधवारी दुपारपर्यंत आणतो. ब्रॉनविननं ऐकलं आणि साफ नाही म्हणाली. तपासणीच्या आदल्या दिवशी समुद्राचं पाणी, चिखलाचे दगड, आणि माणसं ओल्या पायांनी? शुक्रवारी आणा. शुक्रवारी हवं तेवढं आणा.

बुधवारी सकाळी मामानं परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकले. काल पिवळं राहिलेलं पाणी आज हिरवं झालं. हिरवं म्हणजे अमोनिया, म्हणजे विष. आकाचा नवरा पाण्याच्या वरच्या थरापाशी तोंड उघडून धापा टाकत होता. समुद्रफूल मुठीसारखं मिटलेलं, त्याच्या कडेला जिलेटिनसारखा लाळेचा पट्टा. आका त्या मिटलेल्या मुठीत शिरायला बघत होती आणि जागा मिळत नव्हती.

ब्रॉनविननं दुकानदाराला बोलावलं. डॅरिल नावाचा गुबगुबीत माणूस, पायांत चपला, हातात पांढऱ्या खड्यांची पिशवी. हे अमोनिया शोषून घेतात, पिंपात ओता, तासाभरात फरक, असं म्हणाला. मामानं चष्मा मागितला. मग पिशवी फिरवून त्याच्या हातात दिली आणि मागची बारीक अक्षरं वाचायला सांगितली. डॅरिलनं वाचली. फक्त गोड्या पाण्यासाठी.

"खाऱ्या पाण्यात हे खडे मीठच धरत बसतात," मामा म्हणाला. "तू मीठ विकतोस की अक्कल?"

डॅरिलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण विकणारा तो विकणाराच. त्यानं दुसऱ्या पिशवीतून एक बाटली काढली. मग हे घ्या, म्हणाला, हे जिवाणू आहेत. जिवंत. पाण्यातलं विष खातात. नव्वद डॉलर.

मी ब्रॉनविनकडे बघितलं. ती बाटलीकडे बघत होती. सोमवारी फुकटचे, पाच वर्षं वसलेले, मोजता न येण्याइतके मारले, आणि बुधवारी बाटलीत मोजून विकत घ्यायचे. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मला ती बाटली भिंतीवर फोडाविशी वाटली.

बाटलीतले वसायलाही दिवस लागतील, असं मामा म्हणाला, आणि खुर्ची वळवली. तेवढ्यात त्याला रक्त गाळायला न्यायची गाडी आली. चालकानं हाक मारली. मामा म्हणाला, आज येत नाही.

चालकाला वाटलं थट्टा आहे. मलाही.

"त्यांची गाळणी काढून घेतलीत," मामा म्हणाला. "आता मलाही नको. आम्ही एकाच पाण्यातले."

मग मात्र माझा सगळा राग त्याच्यावर उलटला. मी त्याला म्हणाले, तू माझ्या आईचा भाऊ आहेस, दोन माशांसाठी मरणार आहेस का, आणि मेलास तर बेटावर तुझी शवपेटी घेऊन जाऊन मी लोकांना काय सांगू, टाकीसाठी गेला? देवानं दिलेला जीव असा रुसून टाकायचा असतो? माझे हात कणकेनं माखलेले होते, ते तसेच मी हवेत फिरवत होते. तो म्हणाला, "झालं? आता चहा टाक." गाडी रिकामी गेली.

रक्त एक दिवस गाळलं नाही म्हणून माणूस लगेच मरत नाही. पण तो मीठ खातो, लपवून सुके झिंगे खातो, आणि सोमवारीच त्याचा दाब उतरलेला. संध्याकाळपर्यंत त्याचे पाय सुजतील, परवापर्यंत छातीत पाणी. हे मला माहीत होतं, नर्सला माहीत होतं, आणि ब्रॉनविनला सगळ्यांत जास्त माहीत होतं, कारण तिला ते लिहावं लागलं. रहिवाशानं उपचार नाकारला. कारण: लिहायला खाली पाच ओळींची जागा. तिनं दोनदा कागद फाडला.

तीन वाजता आमची गाण्याची सभा. दर बुधवारी देवळातली मंडळी आश्रमात येतात, मी कंदांचं नारळाच्या दुधातलं सॉप-सॉप करते, आणि आमचे पाद्री बोलता बोलता गायला लागतात. त्यांचा उपदेश म्हणजे गाणंच. एक ओळ ते टाकतात, ती आम्ही झेलतो, मागं ढोल. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्या आवाजावर जीव ओवाळून टाकीन. त्या दिवशी त्यांनी माणसाच्या रागावर गायलं. राग म्हणजे उसळलेलं पाणी, त्यात तळ दिसत नाही, थांब, निवळू दे. त्यांचं बोट मामाकडे नव्हतं, तरी रोख तिकडेच. सगळ्यांनी ओळ उचलली. मी उचलली नाही. निवळलेलं पाणीच तर समोर होतं, तळापर्यंत दिसत होतं, आणि तळाशी आकाचा नवरा आडवा पडला होता.

मामानं ढोलावर हात ठेवून तो थांबवला. बाही वर करून पाण्यात हात घातला, मासा ओंजळीत घेतला, आणि ओला हात तसाच मांडीवर ठेवून बसला. "पाद्रीबाबा," तो म्हणाला, "तुमचं गाणं गोड आहे. पण निवळायला मी सहा आठवडे थांबलो होतो. यांनी एका दुपारीत निवळवलं."

पाद्री शहाणे. त्यांनी पुढची ओळ टाकली नाही. ते उठले आणि ब्रॉनविनच्या खोलीकडे गेले. आत काय बोलले ते मला कळलं नाही. दार बंद होतं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. सरळ मामाच्या खुर्चीसमोर येऊन ती गुडघ्यांवर बसली. डियर म्हणाली नाही.

"मलकायला आणू द्या," ती म्हणाली. "आज. तुम्ही रक्त गाळायला जा. उद्या सकाळी सहाला जागा आहे, मी इस्पितळात विचारलंय."

"आणि गाळणी कोणती ठेवायची ते?"

"तुम्ही सांगाल ती."

"माझी जुनी कुठाय?"

तिनं मान खाली घातली. कचऱ्याच्या मोठ्या पेटीत होती. गाळणीच्या टाकीला तडा गेला नव्हता, देवाची कृपा. फेसाचा नळाही सापडला, त्याच्या वाटीत अजून काळं पाणी होतं.

"तो तू धुवायचा," मामा म्हणाला. "हातमोजे न घालता. आणि नळाखाली नाही. मलकायचं समुद्राचं पाणी बादलीत घेऊन त्यात."

चारला मलकाय आला, नाही म्हटलं तरी त्यानं पिंपं आणि दगड आधीच आणून ठेवले होते. ब्रॉनविननं हातमोजे काढले. नखं आखूड होती, नीट कापलेली. वाटीत बोटं घातली तेव्हा तिला उमासा आला, तो तिनं गिळला. मला तिची दया यायला हवी होती, मी त्यासाठी मनात प्रार्थनाही केली. नाही आली. मी तिथंच उभी राहून बघितलं, आणि ती एक कोपरा विसरली तो बोटानं दाखवला.

मग देवळातल्या बायांनी पिंपं ओढली, पाद्रींनी ओले दगड पोत्यातून काढून दिले. जमिनीवर गुडघ्याएवढं नाही पण घोट्याएवढं तरी पाणी झालं. अर्धं पाणी बदललं. मामा एकेक दगड हातात घेई, फिरवी, हुंगी, कुठला खाली आणि कुठला वर ते सांगे. दोन परत केले, आत स्पंज मेलेला आहे म्हणून. काळं पिंप डॅरिलच्या गाडीत गेलं. त्याच्या बाटलीवर मामानं विचार केला आणि ती ठेवून घेतली. राग आपल्या जागी, म्हणाला, औषध आपल्या जागी.

गुरुवारी सहाला मामा यंत्रावर गेला. नऊला तपासणीस बाई आल्या. जमीन अजून कोपऱ्यांतून ओली, आणि खोलीभर खडकाचा वास. त्या टाकीसमोर थांबल्या, खालच्या उघड्या कपाटात वाकून बघितलं आणि हे असं उघडं का, असं विचारलं. ब्रॉनविननं सांगितलं. चांगलं सांगितलं, लोकर कशाला, फेसाचा नळा कशाला, दगडात कोण राहतं. एकही शब्द चुकली नाही. कागदावर कितीही जिवाणू आले तरी हे धुवायचं नाही, असं आमच्या संस्थेचं धोरण आहे, असंही म्हणाली.

आमच्या संस्थेचं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते.

"हे एलिया बारसा यांनी निवडलंय," मी म्हणाले. "सगळं. ते माझे मामा. नाव लिहून घ्या."

तपासणीस बाईंनी पेन थांबवलं, मग लिहिलं. कुठं आहेत ते, भेटता येईल का, असं विचारलं. यंत्रावर आहेत, अकराला येतील, मी म्हणाले, आणि ते आले की सोमवारी इथं काय झालं ते त्यांनाच विचारा. त्यांना, यांना नाही.

मग मी परीक्षानळीत पाणी घेतलं. मामानं शिकवलं होतं तसे थेंब टाकले, पाच मिनिटं हातात धरून उभी राहिले. अजून हिरवं. कालच्यापेक्षा फिकं, पण हिरवं. आका समुद्रफुलाच्या कडेला एकटी होती, तिनं हुसकावं असं आता कोणी उरलं नव्हतं, आणि ती तरीही दर थोड्या वेळानं रिकाम्या कोपऱ्याकडे धावून जात होती. मी नळी तपासणीच्या कागदाशेजारी ठेवली, बाईंच्या समोर, आणि स्वयंपाकघरात गेले. तांदूळ चुलीवर होता.